सायकलपर्यटन, सोलापूर परिसरातील

सायकलपर्यटन म्हणजे वाटेत मुक्काम करीत, पाहत-थांबत सायकलीवरून केलेला दूरचा प्रवास. मोटारवाहनांची वर्दळ नसलेल्या वाटांनी तो केल्यास त्याचा खरा आनंद मिळतो, असे मानले जाते. महाराष्ट्रातील सोलापूर जिल्ह्याच्या फळबागांच्या उंचसखल प्रदेशात अशा प्रवासाला उपयोगी पडणाऱ्या वाटा आहेत. मात्र त्यांपैकी एकही मुळात सायकलीसाठी झालेली नाही. आगगाडी, कालव्याचे पाणी आणि बैलगाडी यांच्यासाठी त्या आखल्या गेल्या. त्यामुळे या पर्यटनाचा इतिहास हा बव्हंशी त्या वाटांचा इतिहास आहे.

आधुनिक बांधणीची सायकल इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने १८८५ मध्ये प्रचारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेली रबरी धाव तयार केली. सायकलप्रवाशांची इंग्लंडमधील मोठी संघटना त्याही आधी, १८७८ मध्ये, स्थापन झाली होती. त्या काळी निर्वेध वाट वेगळी शोधावी लागत नसे. बैल, घोडे व पादचारी सोडले तर सारा रस्ताच सायकलस्वाराचा होता. मुंबईतील सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलींवरून जगप्रवासास निघाले व त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रवास पुरा करून परतले. वाळवंटे व डोंगर यांनी त्यांचे पुष्कळ हाल केले. मोटारींची गर्दी मात्र त्यांच्या अडचणींत फारशी नव्हती. पुढे मोटारी वाढल्या आणि सायकलस्वार रस्त्याच्या कडेला लोटला गेला, तेव्हा कोठे वाहनमुक्त मार्गाची कल्पना पुढे आली. या कल्पनेच्या एका आरंभीच्या उदाहरणाचा धागा सोलापूर जिल्ह्यातील बार्शीपर्यंत पोहोचतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. परंतु कापूस व धान्य यांची मोठी पेठ असलेली बार्शी त्यापासून दूर राहिली. बार्शी आणि बार्शी रोड (सध्याचे कुर्डूवाडी) यांच्या दरम्यान मालाने भरलेल्या बैलगाड्यांची अखंड रहदारी असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या इंग्रज अभियंत्याने ती पाहिली आणि येथे कमी खर्चाचा हलका लोहमार्ग चालेल, हे ताडले. बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा १८९७ मध्ये खुला झाला. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट (सु. ७६ सेंमी.) होते. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ नये, अशा बेताने इंजिने व डबे बनविले होते; त्यामुळे हलके रूळही पुरत. पुढे हा मार्ग पंढरपूर (१९०६), लातूर (१९११) व मिरज (१९२७) येथपर्यंत वाढला. मालाइतकीच वारकऱ्यांचीही त्यावर गर्दी असे. १९५४ मध्ये तो सरकारने ताब्यात घेतला. लोहमार्गाला तीव्र चढ व एकाएकी येणारी वळणे चालत नाहीत. भराव व खोदाई करून तो शक्य तितका सपाट ठेवावा लागतो. सायकलीला नेमकी अशीच वाट हवी असते, हे कॅलथ्रॉपच्या मनात असण्याचे कारण नव्हते.

बार्शीच्या यशानंतर कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून त्याच रुंदीचा लोहमार्ग बांधला. तो १९०४ मध्ये सुरू झाला, पण पुरेशी वाहतूक न मिळाल्याने १९३४ मध्ये बंद पडला. रूळ काढून टाकल्यावर उरलेली सु. १३ किमी.ची पट्टी परगण्याच्या मंडळाने १९३७ मध्ये पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी खुली केली. बंद लोहमार्गाचा असा उपयोग करण्याचे ब्रिटनमधील हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. उन्हाळ्यात या नदीचे पाणी चुनखडकात मुरून पात्र कोरडे पडते. सोलापूरच्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. या मार्गाचा एक भाग, त्यातील बोगद्यासह, पुढे मोटारींसाठीही वापरात आला. वाहनमुक्त वाट एकदा मिळाली म्हणजे ती कायमची राहते असे नाही, याचा तो पुरावाच आहे. फळबागांच्या मुलखातील अशा मार्गाचे अधिक ठळक उदाहरण स्पेनमध्ये आढळते. तेथील जाएन व कॉर्दोबा प्रांतांत ऑलिव्हच्या तेलाची वाहतूक करणारा लोहमार्ग १९८५ मध्ये बंद झाला व पुढे त्यावर सव्वाशे किमी.च्या आसपास लांबीचा सायकलमार्ग तयार झाला. मैलोगणती ऑलिव्हच्या बागांतून तो जातो.

बार्शीच्या मार्गाचे नशीब वेगळे ठरले. तो बंद पडला नाही. २००० नंतर त्याचे टप्प्याटप्प्याने रुंदमापी मार्गात रूपांतर झाले. लातूरकडील भागात धाराशिव शहर जोडून घेण्यासाठी आखणी बदलण्यात आली व तेथे जुन्या मार्गाचा काही भाग वापरातून गेला. इतरत्र मात्र आगगाडी आजही धावते. सायकलप्रेमींना याची रुखरुख वाटू शकेल, परंतु ती योग्य म्हणता येणार नाही. कॅलथ्रॉपच्या दोन मार्गांपैकी इंग्लंडमधला निरुपयोगी झाला म्हणून सायकलीला मिळाला, बार्शीचा उपयोगी राहिला म्हणून मिळाला नाही. पंढरपूरच्या वारकऱ्याची गाडी काढून तेथे सहलीची वाट करावी, असे कोणी म्हणणार नाही.

तेव्हा सोलापूर परिसरात सायकलस्वाराला अन्य वाटांचा आश्रय घ्यावा लागतो. हा प्रदेश दख्खनच्या पठारावरील असून भीमा, नीरा, माण व सीना या नद्यांच्या खोऱ्यांत काळी जमीन आणि त्यांच्या मधील उंचवट्यांवर मुरमाड माळ, अशी त्याची रचना आहे. ईशान्येस बार्शीच्या बाजूला बालाघाटाचे फाटे येतात. नदीच्या काठाने जाणाऱ्याला चढ जाणवत नाही. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणाऱ्याला मात्र माळ चढावा व उतरावा लागतो. फळबागा आहेत त्या प्रामुख्याने या हलक्या जमिनीवर. सांगोला, पंढरपूर व मंगळवेढा भागांतील डाळिंब, नान्नजची द्राक्षे (‘सोनाका’ ही जात येथलीच), उजनी जलाशयाच्या काठची करमाळ्याची केळी, माळावरची बोरे आणि बार्शीकडची सीताफळे ही त्यांतील प्रमुख होत. १९९० मध्ये राज्य शासनाने फळबाग लागवडीला रोजगार हमी योजनेची जोड दिली आणि कोरडवाहू माळावर बागा झपाट्याने वाढल्या. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापूरजवळ केगाव येथे स्थापन झाले व २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. ‘तेल्या’ या जिवाणूजन्य रोगाने अनेक बागांचे फार नुकसान केले आहे. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर व छाटणीच्या हत्यारांतून तो पसरतो; म्हणून प्रवाशाने बागेच्या बांधापर्यंतच जावे व मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नये, हे बरे.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचे डावा व उजवा हे दोन्ही कालवे शंभर किमी.हून लांब आहेत. कालवा समपातळीच्या रेषेला धरून, अगदी अल्प उताराने नेला जातो. म्हणून त्याच्या भरावावरील वाटही जवळजवळ सपाट असते आणि टेकाडांना वळसे घालीत जाते. एका हाताला पाणी व दुसऱ्या हाताला खाली पसरलेले मळे, असा हा प्रवास फार रम्य आहे. मात्र ही वाट जलसंपदा खात्याने पाहणी व दुरुस्तीसाठी ठेवलेली आहे. तिच्यावरून जाणे हा सार्वजनिक हक्क नव्हे.

हक्काची वाट म्हणावी ती पाणंद. दोन शेतांमधील गाडीवाट ती पाणंद व दोन गावांच्या सीमेवरून जाणारा तो शिवरस्ता. औत, बैलगाडी व गुरे यांची ये-जा हा त्यांचा मूळ हेतू. जमिनीला भाव आला, बैल कमी झाले, तशा दोन्ही बाजूंच्या नांगरांनी त्या कुरतडल्या. काही ठिकाणी वाट नकाशात उरली व जागेवर नाहीशी झाली. बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय देण्याचा अधिकार १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ अन्वये तहसीलदारांना आहे आणि अडविलेली वाट मोकळी करून देण्याची तरतूद १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात आहे. २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याने स्वतंत्र योजना आखली. हे सारे शेतकऱ्यासाठी आहे, आणि तसेच ते असावे. ऊस किंवा डाळिंब बागेबाहेर काढायला ज्याला वाट मिळत नाही, त्याचे गाऱ्हाणे सहलीला आलेल्याच्या हौसेपेक्षा मोठे आहे. पण पाणंद बुजली की सायकलस्वाराचीही वाट संपते आणि त्याला राजमार्गावर जावे लागते.

तेथील स्थिती हंगामाप्रमाणे बदलते. सायकलीला अनुकूल असे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाचेही असतात. सोलापूर हा राज्यातील प्रमुख ऊस जिल्हा असल्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र रस्त्यावर असतात व रात्री ते दुरून दिसतही नाहीत. पावसाळ्यात रस्ते मोकळे असले, तरी काळ्या मातीचा चिखल चाक व मडगार्ड यांच्यात इतका घट्ट बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आषाढी वारीच्या सुमारास नाशिक, पुणे आदी शहरांतून सायकलस्वारांचे जथे पंढरपूरला येतात; त्यांचा प्रवास मुख्यतः मोठ्या रस्त्यांनीच होतो. या मुलखात सायकलीवरून रोज दूरवर जाणारे पहिले लोक पर्यटक नव्हते, तर दुधाच्या किटल्या अडकवलेले गवळी, परगावी शिकवायला जाणारे शिक्षक आणि टपालवाले होते, व त्यांना पाणंदी तोंडपाठ असत.

नवख्याला या वाटांवर त्रास होतो तो काट्यांचा. बोर व बाभळीचा काटा डोळ्यांना दिसतो; जमिनीलगत पसरणाऱ्या सराट्याचा दिसत नाही आणि एका वेळी दोन्ही चाके पंक्चर होतात. जादा ट्यूब, पंप व पाणी बरोबर असणे आवश्यक असते, कारण माळावर दोन वस्त्यांमधील अंतर बरेच असते. झाडावर पिकलेली डाळिंबे पाहावयाची असल्यास बहार ध्यानात घ्यावा लागतो : मृगबहाराची फळे साधारणतः डिसेंबरपासून, हस्तबहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये व आंबेबहाराची जूनपासून पुढे तयार होतात.