ब्रेक नसलेली मोटारसायकल आणि एका गुणाचं जगज्जेतेपद : बार्तोश झ्मार्झलिकची कारकीर्द

महाराणा प्रताप नगर, भोपाळ : एका मार्काची किंमत काय असते, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बुऱ्हाणपूरकडची मराठी मुलं एम. पी. नगरच्या कोचिंग क्लासमध्ये त्याच एका मार्कासाठी वर्ष-दोन वर्षं घालतात. 13 सप्टेंबर 2025 च्या रात्री डेन्मार्कमधल्या वोयेन्स इथे एका खेळाचं जागतिक विजेतेपदही असंच एका गुणावर ठरलं. पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक 183 गुणांवर थांबला, ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडी कुर्ट्झ 182 वर. झ्मार्झलिक सहाव्यांदा जगज्जेता झाला. खेळाचं नाव स्पीडवे.

आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून आधी त्याची ओळख.

खेळ नेमका काय?

स्पीडवेची मोटारसायकल 500 सीसीची, एका सिलिंडरची. पेट्रोलवर नाही, मिथेनॉलवर चालते. गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. बोर्ड ऑफिस चौकात सिग्नल लागल्यावर आपला पाय ज्यावर आपोआप जातो, ती वस्तूच या गाडीत बसवलेली नसते. वेग सांभाळायचा तो थ्रॉटल, क्लच आणि अंगाच्या तोलावर.

मैदान अंडाकृती, वर बारीक खडी-मातीचा थर. एका शर्यतीत चार स्वार आणि चार फेऱ्या; मिनिटभरात खेळ संपतो. वळणं सगळी डावीकडची. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवतात, हँडल उजवीकडे वळलेलं असतं आणि डावा पाय जमिनीवर घासत जातो. म्हणून त्या बुटाखाली पोलादी तळ असतो. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि शेवटच्याला शून्य.

जागतिक स्पर्धेच्या प्रत्येक टप्प्याला ग्रां प्री म्हणतात. एका ग्रां प्रीत 16 स्वार असतात. 20 शर्यती अशा आखतात की प्रत्येक जण उरलेल्या पंधराही जणांशी एकदा भिडतो. त्यानंतर बाद फेऱ्या आणि अंतिम शर्यत. सगळ्या टप्प्यांची बेरीज करून हंगामाअखेर जगज्जेता ठरतो. थोडक्यात, हे चालू खातं आहे. एखाद्या रात्री मोठी रक्कम जमा झाली म्हणून भागत नाही, वर्षभर खातं रिकामं पडू द्यायचं नसतं. झ्मार्झलिकची कारकीर्द समजून घ्यायची तर हाच हिशेब डोळ्यासमोर ठेवावा लागतो.

पोलंडमध्ये या खेळाचं स्थान

पोलंड म्हटलं की आपल्या माणसाला कोल्हापूरजवळचं वळीवडे आठवतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 ते 1948, तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. त्याच पोलंडमध्ये आज स्पीडवेची जगातली सर्वांत तगडी लीग चालते. आपल्याकडे क्रिकेटची टीम जशी गावाची अब्रू असते, तसा तिथे अनेक शहरांत स्पीडवेचा क्लब.

तरीही पोलंडला जगज्जेते सहजासहजी मिळाले नाहीत. पहिला येझी श्चाकिएल, 1973 मध्ये. दुसऱ्यासाठी 37 वर्षं वाट पाहावी लागली. 2010 मध्ये टोमाश गोलोब जिंकला, तेव्हा तो 39 वर्षांचा होता. गोलोब त्या काळात गोझूव शहराच्या स्ताल क्लबकडून खेळायचा. त्याच क्लबात एक शाळकरी पोरगा तयार होत होता, तोच झ्मार्झलिक.

किनित्से ते जगज्जेतेपद

जन्म 12 एप्रिल 1995, श्चेचिन शहरात. वाढला किनित्से या खेड्यात. थोरला भाऊ पावेलही स्पीडवेचा स्वार. 2014 मध्ये गोझूवच्या ग्रां प्रीत त्याला यजमानांकडून एका स्पर्धेपुरती जागा मिळाली आणि 19 व्या वर्षी तो ती जिंकूनच बाहेर पडला. इतक्या लहान वयात ग्रां प्री त्याआधी कुणी जिंकली नव्हती. 2015 मध्ये तो 21 वर्षांखालील जगज्जेता झाला. 2016 हे पूर्ण मालिकेतलं पहिलंच वर्ष, त्यात कांस्य. 2018 मध्ये रौप्य.

2019 मध्ये सोनं आलं. शेवटचा टप्पा पोलंडमधल्या तोरुन शहरात झाला. डेन्मार्कच्या लिऑन मॅडसनपेक्षा झ्मार्झलिकचे फक्त 2 गुण जास्त होते. त्या वर्षीच्या पोलंडच्या सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत लोकांनी त्याला फुटबॉलपटू रॉबर्ट लेवांडोव्स्कीच्याही वर ठेवलं. लेवांडोव्स्की कोण, हे वेगळं सांगायला नको.

2020 मध्ये त्याने विजेतेपद राखलं. 2021 मध्ये मात्र तोच हिशेब उलटा फिरला. रशियाचा आर्तेम लागुता 3 गुणांनी पुढे राहिला आणि झ्मार्झलिक दुसरा आला. युक्रेन युद्धानंतर रशियन स्वारांवर बंदी आली, त्यामुळे 2022 मध्ये लागुताला विजेतेपद राखायला उतरताच आलं नाही. ते वर्ष झ्मार्झलिकचं ठरलं. तुल्यबळ स्पर्धक बाहेर असताना मिळालेलं यश, असं कुणी म्हणू शकलं असतं. पुढच्या तीन वर्षांत त्याला तोंडाने उत्तर द्यायची गरज पडली नाही.

कपड्यापायी शून्य

2023 मध्ये तो गोझूव सोडून लुब्लिनच्या मोटोर क्लबकडे गेला. जागतिक मालिकेतही तो मोठ्या फरकाने पुढे होता. वोयेन्सला पात्रता फेरीत तो नियमात न बसणारा रेसिंग सूट घालून उतरला आणि त्याला त्या टप्प्यातून बाद करण्यात आलं. चूक गाडीची नव्हती, चालवण्याचीही नव्हती. पण त्या टप्प्याच्या रकान्यात शून्य पडलं आणि स्वीडनचा फ्रेड्रिक लिंडग्रेन एकदम जवळ आला. दोन आठवड्यांनी तोरुनला झ्मार्झलिकने विजेतेपद पदरात पाडून घेतलं. 2024 मध्ये पाचवं जिंकलं.

या खेळात रकान्यात शून्य पडण्यापेक्षा वाईटही घडतं. 2016 मध्ये क्रिस्तियान रेम्पावा हा 18 वर्षांचा पोलिश स्वार लीगच्या शर्यतीत पडून जखमी झाला आणि काही दिवसांनी दगावला. खुद्द गोलोबला 2017 मध्ये मोटोक्रॉसच्या सरावात पाठीच्या कण्याला दुखापत झाली आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. त्यानंतर तो व्हीलचेअरवर आहे.

2025 : जिंकणारा हरला, दुसरा आलेला जिंकला

2025 च्या दहा टप्प्यांत शेवटचे पाचही टप्पे कुर्ट्झने जिंकले. वोयेन्सची अंतिम शर्यतही त्याचीच, झ्मार्झलिक दुसरा आला. तरी बेरीज झ्मार्झलिकची भरली. 2020 पासून टप्पा जिंकणाऱ्याला 20 गुण मिळतात आणि दुसऱ्याला 18. फरक दोनचाच. म्हणून ज्या रात्री जिंकता येत नाही, त्या रात्री दुसरं यायचं, हे ज्याला साधलं तो तरला.

या विजयाने त्याने न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर आणि स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांच्या प्रत्येकी सहा विजेतेपदांशी बरोबरी केली. त्यापुढे या खेळात आजवर कुणी गेलेलं नाही. सहावं मिळालं तेव्हा तो 30 वर्षांचा होता. गोलोबला पहिलं आणि एकमेव मिळालं, तेव्हा तो याहून नऊ वर्षांनी मोठा होता.

एका नजरेत
जन्म : 12 एप्रिल 1995, श्चेचिन
क्लब : स्ताल गोझूव, 2023 पासून मोटोर लुब्लिन
जगज्जेता : 2019, 2020, 2022, 2023, 2024, 2025
उपविजेता : 2018, 2021
तिसरा : 2016
21 वर्षांखालील जगज्जेता : 2015