चोरांसाठीं शिंपडलेलें औषध



घरांतल्या व परसांतल्या अडचणींवर सोपी युक्ति सुचविणें हें काम आपल्याकडे बहुधा आजीबाईचें असे, आणि विद्वान मंडळी तिच्याकडे थोड्या कौतुकानें व बऱ्याच अविश्वासानें पाहत. परंतु एका बागवानाची साधी युक्ति एका प्राध्यापकानें आदरानें न्याहाळली, आणि त्यामुळें एका देशाचा मोठा धंदा सांवरला, असेंहि इतिहासांत घडलें आहे. त्या बोर्डो मिश्रणाची हकीकत आज सांगावयाची आहे.

फ्रान्स देशांत द्राक्षाची लागवड म्हणजे असंख्य कुटुंबांचा चरितार्थ. १८६० नंतरच्या दशकांत फायलॉक्सेरा नांवाची अमेरिकन कीड वेलींच्या मुळांना लागली व मळेच्या मळे वाळूं लागले. अमेरिकेंतील रानवेलींना ती कीड फारशी बाधत नसे. म्हणून तेथून वेली आणवून त्यांवर फ्रेंच वेलींचीं कलमें बांधण्याचा उपाय निघाला. तो लागू पडला. पण बहुधा त्याच वेलींबरोबर दुसरा एक पाहुणा आला. १८७८ सालीं द्राक्षपानांच्या मागील बाजूस पांढरी बुरशी दिसूं लागली. आपले बागाईतदार या रोगास केवडा म्हणतात. पानें करपून अकालीं गळत, आणि पानांवांचून फळांत गोडी कशी भरणार?

बोर्डो येथील विद्यापीठांत पिएर मिलार्दे हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यांत ते मेदोक प्रांतांतील सें-ज्युलियें गांवीं एका मळ्याजवळून जात होते. आंतल्या वेली उघड्याबोडक्या झालेल्या. पण रस्त्याच्या कडेच्या ओळी मात्र हिरव्यागार! पानांवर निळसर पांढरा लेप दिसत होता. दुसरा एखादा तसाच पुढें गेला असता. मिलार्दे थांबले आणि त्यांनीं विचारपूस केली. मळ्याचे व्यवस्थापक एर्नेस्त दाव्हिद यांच्याकडून उलगडा झाला. येणारेजाणारे द्राक्षें तोडून नेत. म्हणून मोरचूद व चुना पाण्यांत कालवून कडेच्या वेलींवर शिंपडण्याची चाल होती. तो निळा रंग पाहून चोरास विषाची शंका यावी, एवढाच हेतु!

तांब्याच्या या गुणाची चाहूल पूर्वींहि लागली होती. बेनेदिक्त प्रेव्हो या शिक्षकानें १८०७ सालीं दाखविलें होतें कीं, तांब्याचा अंश उतरलेल्या पाण्यांत गव्हावरील काणीचे बीजकण रुजत नाहींत. पण तेव्हां त्याच्या म्हणण्याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. मिलार्दे यांनीं मात्र पाहिलेल्या गोष्टीचा पाठपुरावा केला. रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयों यांच्या साहाय्यानें व दाव्हिद यांच्या मळ्यांत प्रयोग करून १८८५ सालीं त्यांनीं आपली कृति प्रसिद्ध केली. १०० लिटर पाण्यांत ८ किलो मोरचूद व ३० लिटर पाण्यांत १५ किलो कळीचा चुना, असें तिचें पहिलें प्रमाण होतें. पुढें अनुभवानें तें पुष्कळच सौम्य झालें.

यांतील मर्म समजून घेण्यासारखें आहे. नुसता मोरचूद पानें जाळतो. चुना त्याची दाहकता मारतो आणि औषध पानास चिकटवून ठेवतो. मग दंवाच्या किंवा पावसाच्या थेंबांत तांबें किंचित् किंचित् विरघळतें व पानावर पडलेला बुरशीचा कण रुजण्यापूर्वींच मरतो. अर्थात् रोग आंत शिरल्यावर हें औषध फारसें चालत नाहीं. तें पहारेकरी आहे, वैद्य नव्हे. आयर्लंडमध्यें १८४५ पासून बटाट्यावर अशाच जातीचा करपा पडला, आणि त्या दुष्काळांत सुमारें १० लाख माणसें दगावलीं. पुढें बटाट्यासहि उपयोगी पडलेलें हें औषध त्या वेळीं माहीत नव्हतें!

आपल्या देशांतहि त्याचे उपकार आहेत. म्हैसूर संस्थानांत सुपारीच्या कोळेरोगाचा अभ्यास लेस्ली कोलमन यांनीं केला. त्यांचा प्रबंध १९१० चा आहे. आज कोंकण व गोव्यांतील सुपारीबागांत पावसाळ्याच्या तोंडाशीं, आणि नाशिक-सांगलीच्या द्राक्षमळ्यांत, हेंच मिश्रण फवारलें जातें.

परसांत पपई किंवा लिंबू असेल, तर घरींहि तें करतां येतें. १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यांत, व १० ग्रॅम कळीचा चुना विरवून दुसऱ्या अर्ध्या लिटरांत निरनिराळा कालवावा. भांडें मातीचें किंवा प्लास्टिकचें असावें, लोखंडाचें नको. दोन्ही पाणी तिसऱ्या भांड्यांत एकदम ओतून ढवळावें, व घासलेलें लोखंडी पातें त्यांत क्षणभर बुडवावें. पात्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुन्याचें पाणी घालावें. मिश्रण गाळून त्याच दिवशीं संपवावें. चुना विरतांना उकळतो. म्हणून डोळे सांभाळावे व मुलांना दूर ठेवावें.

मात्र औषध सोपें म्हणून तें सढळ हातानें वापरूं नये. तांबें जमिनींत सांचतें, गांडुळांस बाधतें; उरलेलें पाणी विहिरींत वा तळ्यांत गेल्यास माशांस मारतें. म्हणूनच युरोपीय संघानें २०१८ सालीं नियम केला कीं, ७ वर्षांत मिळून दर हेक्टरीं २८ किलोंहून अधिक तांबें वापरूं नये. फ्रान्सच्या कित्येक जुन्या मळ्यांची माती या उपायाचा भार अद्याप वाहत आहे. तेव्हां आभाळ दाटून येण्यापूर्वीं एकदां, तेंहि मोजून फवारावें. आणि शेजारच्या माळ्याचें एखादें झाड आपल्या झाडाहून टवटवीत दिसलें, तर त्यास कारण विचारण्यास लाजूं नये.