परिस्थितीच्या खुणा पुढच्या पिढ्यांत उतरतात का? म्हैसूर, पुण्यातील अभ्यासांचे संकेत

कृष्णराजनगर (म्हैसूर) : गर्भारपणातील कुपोषण, धूर वा घातक रसायनांचा परिणाम बाळापुरताच राहतो की नातवंडा-पतवंडांपर्यंत पोहोचतो, या प्रश्नाचा विचार करताना म्हैसूर आणि पुण्यातील दीर्घकालीन अभ्यास महत्त्वाचे ठरतात.

डीएनएमधील अक्षरांचा क्रम न बदलता जनुकांचे कार्य कमी-अधिक करणाऱ्या रासायनिक खुणांना ‘एपिजेनेटिक’ खुणा म्हणतात. डीएनएला मिथाइल गट जोडला जाणे ही त्यांपैकी एक. हे गट पुरवण्यात फोलेट आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचा वाटा असल्याने मातेच्या आहाराला येथे महत्त्व येते.

म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ ते १९५४ दरम्यान जन्मलेल्या ५१७ जणांचा अभ्यास १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मवजन अडीच किलो वा त्याहून कमी असलेल्यांत हृदयरोगाचे प्रमाण ११ टक्के, तर सुमारे सात पौंड वा अधिक असलेल्यांत तीन टक्के आढळले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू झाला. तेथील सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये ‘ब-१२’ची पातळी कमी होती. फोलेट अधिक, पण ‘ब-१२’ कमी असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वाधिक दिसला.

हे दोन्ही अभ्यास आरोग्यावरील परिणाम दाखवतात. प्रत्यक्ष खुणेचा पुरावा नेदरलँड्समधून मिळाला. तेथील १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भधारणा झालेल्यांच्या ‘आयजीएफ-२’ जनुकावर सहा दशकांनंतरही मिथाइल गट कमी असल्याचे २००८ मध्ये आढळले.

मात्र याला आनुवंशिकता म्हणता येत नाही. गर्भवतीवर होणारा परिणाम तिच्यावर, गर्भावर आणि गर्भातील बीजपेशींवर, म्हणजे भावी नातवंडांवरही, एकाच वेळी होतो. त्यामुळे मातेकडून खूण वारशाने आली, हे पतवंडांत ती आढळल्यावरच म्हणता येईल. शिवाय बीजपेशी तयार होताना आणि गर्भधारणेनंतर बहुतांश खुणा पुसल्या जातात. गरिबी, आहाराच्या सवयी आणि जनुकेही पिढ्यान्‌पिढ्या सामायिक असतात. मानवात असा वारसा अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

म्हणूनच या संशोधनाच्या आधारे मातांना दोष देणे अनुचित आहे. किशोरवयापासून मुलींना पुरेसे पोषण मिळावे, हा त्यातून निघणारा व्यवहार्य निष्कर्ष होय.