दशांश गुणाची माणसं

रसीन हे विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या काठावरचं कारखान्यांचं गाव. आपल्याकडे घरोघरी पोचलेलं हॉर्लिक्स मूळचं इथलं. हॉर्लिक बंधूंनी १८७०च्या दशकात इथे बस्तान बसवलं आणि त्यांच्यातल्या विल्यमनी दिलेलं मैदान आजही हॉर्लिक फील्ड म्हणूनच ओळखलं जातं. गावातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांसमोर या मैदानाचं नाव काढावं आणि गप्प बसून ऐकावं. उन्हाळ्याच्या रात्री, दिव्यांचा झगमगाट, आणि एकामागून एक मैदानात उतरणारी ढोल-बिगुलांची पथकं. इथे त्यांना ड्रम कोअर म्हणतात.

माझं हे सगळं ऐकणं शेजारच्या आजी आणि त्यांचे थोरले बंधू यांच्या स्वयंपाकघरात झालं. दोघांना आम्ही घरात आजी-आजोबाच म्हणतो. टेबलावर क्रिंगल, म्हणजे इथे आलेल्या डॅनिश लोकांची ती लंबगोल, सारण भरलेली पेस्ट्री, आणि कॉफी. आजोबा एका पथकात स्नेअर ड्रम वाजवायचे, आजी मुलींच्या पथकात निशाणं घेऊन चालायच्या. आयुष्यभर आजोबांनी ट्रॅक्टरच्या कारखान्यात काम केलं, आजींनी शाळेच्या कचेरीत. पण ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं, तर दोघंही आधी पथकाचं नाव सांगतात.

या गोष्टीची सुरुवात त्यांच्या वडिलांच्या पिढीत होते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९मध्ये अमेरिकन लीजन ही संघटना काढली. गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. फौजेतली बिगुलं आणि ढोल स्वस्तात मिळत होते, एका चालीत चालायची सवय पायांत होतीच. पथकं उभी राहिली आणि संघटनेच्या अधिवेशनांत त्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. १९३३मध्ये शिकागोच्या अधिवेशनाला जमलेल्या ढोलवादकांनी मूळ हातांची, म्हणजे ठोक्यांच्या क्रमांची, यादीच ठरवली आणि शिकवण्यात एकवाक्यता आणली. मग बापांनी मुलांची पथकं काढली. चर्च, पोलीस, बॉय स्काउट, सगळे त्यात उतरले. एकट्या रसीनमध्ये लीजनच्या शहात्तर क्रमांकाच्या शाखेचं ‘बॉइज ऑफ ७६’ होतं, १९२७पासूनचं ‘रसीन स्काउट्स’ होतं, चौकड्यांचे किल्ट घालणारं ‘किल्टीज’ होतं. आणखीही होती.

आजोबांचे हात अजून बोलतात. टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी ते ‘पॅराडिडल’ हा त्यांतलाच एक हात दाखवतात: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. तोंडाने म्हणत, हाताने काढत. लहानपणी मी तबला शिकले तो असाच, आधी बोल तोंडात आणि मग बोटांत. त्यामुळे या माणसाशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं.

त्यांच्या काळातली परीक्षा मात्र आमच्या गांधर्वच्या तबल्याच्या परीक्षेहून फार कडक. परीक्षक हातात कागद-पेन्सिल घेऊन थेट वाजवणाऱ्यांच्या रांगांत शिरायचे. चूक ऐकू आली किंवा दिसली की कागदावर एक खूण. तिला ‘टिक’ म्हणत. एका टिकेला एक दशांश गुण वजा. एखादी टिपरी शेजाऱ्याच्या आधी पडली, टिक. पाय चुकला, टिक. आठ पावलांत पाच यार्ड कापायचे, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. रांग वाकडी झाली की टिक. मैदानावर जायच्या आधीच बूट, बटणं, हातमोजे, केस तपासले जायचे, तिथेही गुण कापले जायचे. देशाच्या ध्वजाचे नियम तर सगळ्यांत कठोर. आजी सांगतात, सरोवरावरून वारा सुटला की निशाणाचं कापड काठीला गुंडाळायचं, आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता मनगटाच्या एका हिसक्याने ते सोडवायचं. परवा पावसात आम्ही दोघी बाहेर होतो. वाऱ्याने छत्री उलटी व्हायला लागली, तर त्यांनी नुसतं मनगट फिरवून ती वाऱ्याच्या तोंडी धरली. बोलणं मध्ये थांबलंसुद्धा नाही. साठ वर्षं होत आली, मनगट विसरलेलं नाही.

आजोबा म्हणतात, टिकांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली: तुझी चूक तुझ्या नावावर पडत नाही, सगळ्यांच्या बेरजेतून जाते. कारखान्यात आपल्या यंत्राबरोबर शेजारच्याच्या यंत्राचा आवाजही ते ऐकायचे. आवाज बदलला की उठून जायचे. कारखान्यातले ते जुने सोबती आजही मला भेटले की हेच सांगतात.

या शिकवणीची किंमतही त्यांनी मोजली आहे. आजोबांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. त्या काळी पोरांच्या कानांत बोळे घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मला हे अक्षम्य वाटतं. त्यांना वाटत नाही. यावर आमचं एकमत होईल असं दिसत नाही.

आणि व्हिएतनाम. पथकात वयाची एकविशी गाठेपर्यंत राहता यायचं, पण सैन्याचं बोलावणं त्याआधी यायचं. आजोबांच्या रांगेतला एक गडी गेला आणि परत आला. चार जुलैच्या फटाक्यांना तो तळघरात जाऊन बसायचा, पण ढोलांच्या सरावाला मैदानाच्या कुंपणाशी रोज उभा असायचा. ढोलाचा पुढचा ठोका कधी पडणार हे आपल्याला ठाऊक असतं, एवढंच त्याने सांगितलं होतं. त्याच्या अंत्यविधीला जुन्या पथकातले होते नव्हते ते सगळे आले.

या सगळ्या कथांमध्ये एक वर्ष सारखं येतं: १९७२. तोवर स्पर्धांचे नियम माजी सैनिकांच्या संघटना ठरवायच्या. पथकांच्या चालकांना ते जाचायला लागलं. वायोमिंगच्या ट्रूपर्सचे जिम जोन्स, शिकागोच्या कॅव्हलियर्सचे डॉन वॉरन आणि आणखी काही जण एकत्र आले, त्यातून ड्रम कोअर इंटरनॅशनल ही पथकांची स्वतःची संस्था निघाली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा ऑगस्ट १९७२मध्ये व्हाइटवॉटर इथल्या विद्यापीठाच्या मैदानावर झाली. इथून गाडीने तासा-सव्वातासाची वाट. आजोबा प्रेक्षकांत होते. कॅलिफोर्नियाचं अ‍ॅनाहाइम किंग्जमेन जिंकलं आणि विस्कॉन्सिनच्याच ला क्रॉसचं ब्लू स्टार्स दुसरं आलं. हे सांगताना आजोबांच्या आवाजात अजून घरच्या माणसाची हार असते.

त्या रात्रीनंतर कला वर चढत गेली यात मला शंका नाही. बिगुलांच्या कळा सुधारत गेल्या, पुढे त्या तीन झाल्या. १९८४पासून टिका गेल्या. चुका मोजायचं सोडून परीक्षक काय साधलं ते पाहू लागले. आजोबांना हे पटलेलं नाही. मला पटतं, कारण दशांश जाईल या धास्तीने अवघड काही करायलाच कुणी धजत नसे. आज एकेका पथकातली दीडशेहून जास्त मुलंमुली इंडियानापोलिसच्या स्टेडियममध्ये जे करतात, ते पाहताना अंगावर काटा येतो.

पण मला हुरहूर लागते ती वेगळ्याच गोष्टीची. जुनी पथकं गावाची होती. लीजनच्या हॉलमध्ये शुक्रवारी मासे तळायचे, बिंगोचे खेळ लावायचे, आणि त्या पैशांतून मुलांचे गणवेश शिवायचे. ओतशाळेतल्या मजुराची तीन मुलं एकाच वेळी पथकात असू शकत. स्पर्धा देशव्यापी झाली तशी बसगाड्या, इंधन, उन्हाळाभराचा प्रवास, पगारी शिक्षक असा खर्च वाढत गेला. चर्चचा आणि लीजनचा हात आखडला, शाळांचे बँड मोठे झाले. शेकड्यांनी असलेली पथकं मिटत गेली. आता उरलेल्या मोठ्या पथकांत एका उन्हाळ्याचे हजारो डॉलर भरावे लागतात, आणि आमच्या गल्लीतल्या कुठल्या मुलाला ते परवडेल ते मला सांगता येत नाही. ज्या गोष्टीने आजोबांना घडवलं, तिच्या दारातून आज आजोबांसारखा पोरगा आत जाऊ शकणार नाही. हे नुकसान सुंदर वादनाने भरून निघत नाही.

किल्टीज मात्र परत आलं. १९९०च्या दशकात जुन्या मंडळींनी ते पुन्हा उभं केलं, या वेळी वयाची अट नसलेलं. पोटं सुटलेली, गुडघे कुरकुरणारी माणसं शनिवार-रविवारी पुन्हा रांगेत उभी राहिली. आजोबांचे काही मित्रही त्यात होते. आजी म्हणतात, सरावाला त्यांच्या बायका डबे घेऊन जायच्या आणि नवऱ्यांपेक्षा जास्त ओरडायच्या.

माझा मुलगा यंदा शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये स्नेअर वाजवतो. शनिवारी सकाळी तो रबराची चकती आणि काठ्या घेऊन शेजारी जातो. आजोबा त्याला पॅराडिडल इतक्या हळू काढायला लावतात की पोरगं वैतागतं. मग ते वेग वाढवू देतात, आणि पहिली काठी उंच गेली रे गेली की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीची खूण. गेल्या आठवड्यात मुलगाही खिशात पेन्सिल घेऊन गेला. दोघं समोरासमोर बसून वाजवत होते, आणि तो आजोबांच्या टिका मोजत होता. आजोबा दोन टिकांनी हरले, आणि पुढच्या शनिवारी अर्धा तास लवकर ये म्हणाले.