कानडा प्रांतांतील ख्रिस्तीजनांचा बंदिवास आणि ख्रिस्तपुराण

फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, तें बहुतांशीं भाषेच्या अंगानें लिहिलें गेलें. १५४९ सालीं विल्टशायर परगण्यांत जन्मलेला एक इंग्रज १५७९ सालीं गोव्यास येतो आणि सुमारें ११ हजार ओव्यांचें पुराण मराठींत रचतो, हें नवल आहेच. परंतु तो ग्रंथ विपत्काळीं लोकांच्या कितपत उपयोगीं पडला, हा प्रश्नही पोथ्यांच्या अभ्यासकानें विचारांत घेण्याजोगा आहे. टिपू सुलतानाच्या बंदिवासांत आपल्या पूर्वजांची श्रद्धा या पुराणानें राखली, अशी परंपरा मंगळूरकडील ख्रिस्ती समाजांत चालत आली आहे. तिच्यांत प्रमाणसिद्ध भाग किती व अनुमानगम्य किती, हें येथें पाहावयाचें आहे.

हे लोक मूळचे गोमंतकांतील. दुष्काळ, इन्क्विझिशनचा जाच आणि १६८३ व १७३९ सालच्या मराठ्यांच्या स्वाऱ्या अशा कारणांनीं त्यांचीं कुटुंबें दक्षिणेस उतरलीं. इक्केरीच्या नायकांनीं त्यांस आश्रय दिला व तीं शेतीभातीवर स्थिरावलीं. पुढें इंग्रजांशीं १७८० ते १७८४ पर्यंत चाललेल्या युद्धांत हे लोक शत्रूस मिळाले, असा टिपूचा ग्रह झाला. शृंगेरीच्या मठास १७९१ सालीं मराठी फौजेंतील पेंढाऱ्यांनीं लुटिल्यावर साहाय्य करणाराही हाच टिपू होय. यास्तव १७८४ सालच्या कृत्यामागें राजकीय संशय किती व धर्मद्वेष किती, हें तोलूनच सांगितलें पाहिजे. सोसणाऱ्यांच्या दुःखांत मात्र या तोलानें कांहीं उणें होत नाहीं.

१७८४ च्या फेब्रुवारींत धरपकड झाली. घरेंदारें व जमिनी जप्त झाल्या, धर्मगुरूंस कैद व हद्दपारी घडली, आणि १६८० सालीं बांधलेल्या मंगळूरच्या मिलाग्रिस देवळासह अनेक देवळें पाडण्यांत आलीं. बायकामुलांसह हजारों माणसें सह्याद्रि चढवून श्रीरंगपट्टणास नेण्यांत आलीं. त्यांची संख्या निरनिराळ्या साधनांत ३० हजारांपासून ८० हजारांपर्यंत दिलेली आढळते. वाटेंत व नंतर रोगराईनें आणि उपासमारीनें पुष्कळ माणसें दगावलीं. तरुणांस बळानें मुसलमान करून पलटणींत घातलें. हा बंदिवास ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, म्हणजे सुमारें १५ वर्षें, टिकला.

येथें तिथीचा एक बारकावा नोंदविण्याजोगा आहे. धरपकडीचा दिवस २४ फेब्रुवारी १७८४, राखेचा बुधवार, असा सर्वत्र दिलेला असतो. त्या वर्षीं ईस्टर ११ एप्रिल रोजीं होता. त्यापूर्वीं ४६ दिवस मोजले असतां राखेचा बुधवार २५ फेब्रुवारीस येतो; २४ तारखेस मंगळवार होता. या एका दिवसाच्या फरकानें घटना खोटी ठरत नाहीं. उलट लोकस्मृतीची रीत त्यांत दिसते. कपाळीं राख लावून 'तूं माती आहेस' असें ज्या दिवशीं ऐकावयाचें, त्याच दिवसाशीं समाजानें आपल्या सर्वनाशाची गांठ घातली. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा तो आरंभ. त्याच्या अंतीं पुनरुत्थानाचा सण ठरलेला. आपत्तीस पंचांगांत जागा देणें म्हणजे तिला अंत आहे असें मानणें होय.

आतां श्रद्धा राखली म्हणजे काय, तें पाहूं. बंदिवानांपैकीं पुष्कळांनीं बाह्यतः धर्म सोडला होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. फ्रान्सिस बुकानन १८०० ते १८०१ या काळांत या प्रदेशांतून फिरला. सक्तीनें बाटविलेले हे लोक बहुतेक सर्व धर्मगुरूंच्या द्वारें स्वधर्मांत परत आले, १५ हजार मंगळुराच्या आसपास पोंचले, आणि मलबारांत पळालेले १० हजार दारिद्र्यामुळें हळूहळू येत आहेत, असें त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत नोंदविलें आहे. ही समकालीन नोंद महत्त्वाची आहे. आपल्याकडे देवलस्मृतींत म्लेच्छांनीं धरून नेलेल्यांस प्रायश्चित्त सांगितलें असून, १६७६ सालीं नेताजी पालकर यांस शिवछत्रपतींनीं परत घेतलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. आपद्धर्माचा विचार दोन्हीं समाजांत होता. श्रद्धेची परीक्षा बंदींतील वर्तनावरून घ्यावी कीं परतल्यानंतरच्या वर्तनावरून, हाच खरा प्रश्न आहे. आणि १५ वर्षांनंतर, बंदींतच जन्मलेलीं मुलें घेऊन, मोडक्या देवळांकडे जे आले त्यांनीं त्याचें उत्तर दिलें असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

धर्मगुरु व देऊळ नसतां हें स्मरण कशानें टिकलें? येथें पुराणाची परंपरा संभवनीय वाटूं लागते. जुनीं पुराणें सुटल्यावर नवख्रिस्ती जनांनीं त्यांच्या जागीं दुसरें कांहीं मागितलें, म्हणून हा ग्रंथ झाला, असें स्टीफन्स आरंभींच सांगतो. तो ओवीबद्ध असल्यानें मुखोद्गत होण्यास सुलभ. दुसऱ्या पुराणांत ख्रिस्ताच्या यातना व त्याच्या मातेचा शोक विस्तारानें आला आहे. ओवी म्हणावयास वेदी लागत नाहीं, पाद्री लागत नाहीं. आजीच्या कंठीं ती असली म्हणजे पुरे. ग्रंथ जप्त करतां येतो, कंठ जप्त करतां येत नाहीं. तथापि परंपरा ही परंपरा म्हणूनच घ्यावी. तिला दस्तऐवजाचें मोल देऊं नये.

पोथ्यांचा इतिहासही या अनुमानास पोषक आहे. पुराण १६१६, १६४९ व १६५४ सालीं छापलें गेलें. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेवर बंदी घातली. तरी ग्रंथ वांचला, तो घरोघरच्या हस्तलिखितांत. मंगळूरकडील रोमन लिपींतील पोथ्या मिळवून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं आपली आवृत्ति सिद्ध केली; देवनागरी लिपींतील मार्सडेन संग्रहाची पोथी लंडनांत आहे.

संग्राहकांस एक विनंति आहे. अशी पोथी हातीं आल्यास केवळ पाठभेद उतरून घेऊं नयेत. लेखकाचें नांव, शक, मालकीची नोंद, कोणत्या प्रसंगाचीं पानें अधिक हाताळलेलीं आहेत, कोठें मेणबत्तीचा डाग आहे, हेंही टिपावें. यातनाप्रसंगाचीं पानें इतरांहून अधिक झिजलेलीं आढळलीं, तर परंपरेच्या बाजूनें तो एक लहानसा पुरावा होईल.