जुनी कॅसेट नव्या मशीनला का चालायला हवी?

परवा माळा आवरताना भाच्याला आमच्या टीव्ही गेमची पिवळी कॅसेट सापडली. "मामा, ही कुठं लावायची?" म्हटलं, "आता कुठंच नाही रे." उत्तर दिलं, पण ते मलाच टोचलं.

हा विषय पोराटोरांचा वाटेल, पण तसा नाही. १९८२ साली अमेरिकेत अटारीनं '५२००' हे नवं मशीन आणलं. लोकांच्या घरी आधीच्या '२६००'च्या कॅसेटींचे ढीग होते. त्या याला चालेनात. मग वेगळं जोडयंत्र काढावं लागलं. इतरही अडचणी होत्याच, दोन वर्षांत मशीन बंद. पुढं १९८६ला '७८००' देशभर विकायला काढलं तेव्हा शहाणपण आलं होतं: जुन्या कॅसेटी थेट चालत.

सोनीनं २००० साली प्लेस्टेशन २ मध्ये चक्क पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर बसवला. एरवी तो आतली किरकोळ कामं करायचा, जुनी डिस्क घातली की मुख्य काम हाती घ्यायचा. हे मशीन १५ कोटींच्या वर खपलं. त्याला कारणं अनेक, पण गिऱ्हाईकाची जुनी डिस्क वाया गेली नाही, हे त्यातलं एक.

अर्थात ही सोय फुकट नसते. प्लेस्टेशन ३ च्या पहिल्या मशीनांत जुन्या चिप होत्या. खर्च कमी करायला त्या पुढं काढल्या. २०१३च्या प्लेस्टेशन ४ ला तर तिसऱ्याच्या डिस्क चालतच नाहीत, कारण आतला सांगाडाच बदलला.

परिणाम? २०२३च्या एका अमेरिकी पाहणीत दिसलं, की तिथं २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मिळत नाहीत. म्हणजे चाळीस वर्षांच्या करमणुकीचा इतिहास कुलूपबंद.

हसू नका, आपलंही तेच झालंय. वीस वर्षांपूर्वी मी टाइप केलेल्या बातम्या जुन्या मराठी फाँटमध्ये आहेत. आज फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! गावच्या दुष्काळाच्या, पाणीयोजनेच्या बातम्या त्यात अडकल्यात. युनिकोड आला आणि पुढचं वाचलं. मागचं राहिलं ते राहिलंच.

आता कचेऱ्यांत जुनी दप्तरं स्कॅन होतायत. चांगलंच आहे. फक्त एक विचारा: वीस वर्षांनी ती उघडतील ना? की तेव्हाही कुणी मामा भाच्याला म्हणेल, "आता कुठंच नाही रे"?