सायलेन्सर कापण्याआधी थोडा इतिहास

जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण अधूनमधून बघतो. चर्चा होते ती फक्त आवाजाची. धुराचं कोणी बोलत नाही.

हौशी पोरं कारला कस्टम एक्झॉस्ट बनवून घेतात. हेडर बदलतात, जाड पाइप वाकवून घेतात, शेवटी मोठ्या तोंडाचा मफलर. इथवर हौस समजू शकतो. पण बरेचदा मधला कॅटलिटिक कन्व्हर्टरही कापून टाकतात. "गाडी मोकळा श्वास घेते," हे कारण मी गॅरेजमध्ये किती वेळा ऐकलंय! गाडी घेते हो, मागच्या स्कूटरवर बसलेल्या लेकराचं काय?

हा डबा गाडीखाली सहज आलेला नाही. युजीन हूद्री हा फ्रेंच अभियंता अमेरिकेत स्थायिक झाला होता. लॉस एंजेलिसच्या विषारी धुरक्याची चर्चा ऐकून त्याने १९५० च्या दशकात गाड्यांसाठी असा कन्व्हर्टर तयार केला. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याचा थर आतल्या प्लॅटिनमवर बसला की डबा निकामी. म्हणजे आधी पेट्रोल बदलायला हवं! अमेरिकेत त्यासाठी १९७५ उजाडलं.

आपल्याकडे एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सरकारला हलवलं. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारला कन्व्हर्टर सक्तीचा झाला, सोबत शिसंविरहित पेट्रोल आलं. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झालं. शिसं मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं, हे लक्षात घेतलं की या दोन तारखांचं मोल कळतं.

एवढ्या खटपटीने मिळवलेली गोष्ट आपण ग्राइंडरने पाच मिनिटांत कापतो आणि भंगारात देतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. कलम १९०(२) खाली आवाज आणि धूर दोन्हींसाठी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा आहेच. म्हणून माझी मागणी साधी आहे: पोलीस आणि आरटीओने गाडी अडवली की कान लावतात, तसं एकदा वाकून गाडीखालीही बघावं. डबा जागेवर आहे का?

आणि पोरांनो, रेसट्रॅकवर काय ती हौस करा. गल्लीतली हवा आपल्या सगळ्यांची आहे.